सेकंडहँड सीझेड 75 बी: रेंजवरची पहिली फेरी आणि चार शंका

डॅलसकर:

सीझेड 75 बी पिस्तूल घेतलंय, सेकंडहँड. 9 एमएम, काळं पॉलिकोट फिनिश. इजेक्शन पोर्टजवळच्या प्रूफ मार्कमध्ये (चाचणीच्या शिक्क्यात) 06 आहे, म्हणजे 2006 चं. बॅरल स्वच्छ, रायफलिंग (आतल्या पीळदार खाचा) ठसठशीत. सोबत 16 गोळ्यांची तीन मॅगझिन्स आली.

10 यार्डांवर 115 ग्रेन वजनाच्या एफएमजे (धातूचं वेष्टन असलेल्या) गोळ्या मारून पाहिल्या. किलोभर वजन असल्यामुळे धक्का अगदी मऊ आहे आणि ग्रिप हातात छान बसते. गोळी आत जाण्यात कुठेही अडथळा आला नाही. पण चार गोष्टी खटकल्या:

1. सिंगल ॲक्शनमध्ये (हॅमर म्हणजे ठोका देणारा घोडा आधीच मागे ताणलेला) ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, साधारण 3 इंचांचा, पण मधोमध न बसता 3 इंच डावीकडे आणि जरा खाली. मी उजव्या हाताने मारतो.
2. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) कधी उघडी राहते, कधी मिटते.
3. बटण दाबल्यावर मॅगझीन अर्धा इंच सरकून थांबतं, हाताने ओढावं लागतं.
4. डबल ॲक्शनमध्ये (ट्रिगर ओढूनच हॅमर मागे जातो आणि सुटतो) अधूनमधून नुसतं 'टिक'. तीच गोळी पुन्हा मारली की उडते. सिंगल ॲक्शनमध्ये असं होत नाही.

साइट (नेम धरायची खूण) सरकवू का? आणि 4 नंबरसाठी गनस्मिथ गाठावा का?

बारा_बोअर:

साइटला आत्ता हात लावू नका. डावीकडे-खाली हा उजव्या हाताच्या नेमबाजाचा ठरलेला पत्ता आहे. गोळी सुटायच्या क्षणी मनगट खाली दबतं, किंवा ट्रिगरबरोबर अख्खी मूठ आवळली जाते. आधी दोष पिस्तुलाचा की हाताचा ते ठरवा.

15 यार्डांवर बाकावर वाळूची पिशवी ठेवून मनगट आणि फ्रेम (मुठीसकटचा खालचा सांगाडा) तिच्यावर टेकवा. बॅरल टेकवायची नाही, टेकवली तर ग्रुप भलतीकडे जातो. सिंगल ॲक्शनमध्ये सावकाश पाच गोळ्या, मग दुसऱ्या चांगल्या नेमबाजाकडून पाच. दोघांचेही डावीकडेच गेले तर साइट. तुमचे डावीकडे आणि त्याचे मधोमध, तर हात.

हात निघाला तर दुसऱ्या कुणाला मॅगझीन भरायला सांगा. आठ गोळ्यांत दोन-तीन स्नॅप कॅप (न उडणाऱ्या खोट्या गोळ्या) कुठेही घालायच्या, तुम्हाला कळू न देता. स्नॅप कॅपवर हॅमर पडला की पुढची साइट खाली बुडताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. 'चूक ओळखा' छापाचे गोल तक्ते इंटरनेटवर ढिगाने आहेत, त्यापेक्षा हे शंभर पटीने खरं.

2 नंबरचं कारण बहुतेक तुमचा अंगठा. या पिस्तुलाची स्लाइड फ्रेमच्या बाहेरून न धावता आतल्या रेल्सवर धावते. हात उंच धरता येतो तो त्यामुळेच, पण मग उजवा अंगठा नेमका स्लाइड स्टॉपच्या (स्लाइड उघडी अडवून ठेवणाऱ्या खटक्याच्या) लिव्हरवर येऊन बसतो. मॅगझीनचा फॉलोअर (गोळ्यांखालची पट्टी) लिव्हर वर ढकलतो आणि अंगठा खाली दाबतो. अंगठा डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळावर टेकवून मारून बघा.

त्याआधी मॅगझिन्सच्या तळाला मार्करने 1, 2, 3 लिहा. तक्रार एकाच नंबराची निघाली तर स्प्रिंग मेली आहे, नवी टाका. तिन्हींची निघाली तर अंगठा.

रीकॉइल_स्प्रिंग:

3 नंबर बिघाड नाहीच. मॅगझीन वेलमध्ये (मॅगझीन शिरतं त्या मुठीतल्या पोकळीत) मागच्या बाजूला एक वाकवलेली पोलादी पट्टी असते, मॅगझीन ब्रेक. मॅगझीन जमिनीवर आपटू नये म्हणून ती मुद्दाम दिलेली आहे. ते आपोआप पडायला हवं असेल तर पट्टी काढून सपाट करा किंवा सपाट पट्टी मिळते ती लावा. जागच्या जागी पक्कडीने वाकवू नका, मॅगझीनला चरे पडतात. ती हॅमर स्प्रिंगच्या बुडाच्या पिनमध्येच अडकवलेली असते, तेव्हा पिन काढण्याआधी हॅमर खाली हवा आणि स्प्रिंगच्या बुडावर अंगठा दाबलेला हवा. नाहीतर बूच उडून डोळ्यात जाईल. चष्मा घाला.

4 नंबरवर मात्र लक्ष द्या. डबल ॲक्शनमध्ये हॅमर सिंगल ॲक्शनइतका मागे जात नाही, त्याआधीच सुटतो. फटका मुळातच थोडा हलका. त्यात आधीच्या मालकाने ट्रिगर हलका व्हावा म्हणून कमी ताकदीची हॅमर स्प्रिंग टाकली असेल, तर कडक प्रायमरची (बुडातल्या पेट घेणाऱ्या टिकलीची) गोळी पहिल्या फटक्याला उडत नाही. न उडालेल्या गोळीचा प्रायमर बघा. खड्डा उथळ असेल तर स्प्रिंग, नाहीतर फायरिंग पिनच्या (प्रायमरवर आपटणाऱ्या सुईच्या) नळीत साचलेलं तेल-काजळी. खड्डा चांगला खोल असूनही उडत नसेल तर गोळी खराब.

'टिक' झालं की लगेच स्लाइड ओढायची नाही. नळी टार्गेटकडे ठेवून 30 सेकंद थांबा. क्वचित प्रायमर उशिरा पेटतो.

गनस्मिथ लागत नाही, पण खोलून पाहावं लागेल. मॅगझीन बाहेर, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. स्लाइड किंचित मागे घेऊन तिच्या मागच्या भागातली डावीकडची खूण फ्रेमवरच्या खुणेसमोर आणा. मग उजवीकडून स्लाइड स्टॉपची पिन दाबा, ती डावीकडे निघते. घट्ट असेल तर हातोडी नको, मॅगझीनच्या तळाने ठोका. स्लाइड पुढे सरकवून काढा.

आत तीन ठिकाणं बघा. पहिलं, स्लाइड स्टॉपची दांडी. बॅरलचा खालचा कान तिच्यावरच आदळतो, त्यामुळे या पिस्तुलात हा भाग तुटण्यासाठी प्रसिद्ध आहे. भिंगातून बारीक तडा दिसतो का पाहा. सुटा भाग जवळ असलेला बरा. दुसरं, फायरिंग पिन धरून ठेवणारी रोल पिन. स्नॅप कॅप न घालता भरपूर ड्राय फायर केलेल्या (गोळीविना ट्रिगर ओढलेल्या) पिस्तुलात ती मधोमध वाकते किंवा तुटते. तिसरं, एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या) नखाखाली साचलेली पितळेची भुकटी.

जुन्या पिस्तुलात रीकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी) डोळे झाकून बदला. काही डॉलर लागतात, आणि जुनीने किती गोळ्या झेलल्यात हा प्रश्नच मिटतो.

शून्य_यार्ड:

समजा वाळूच्या पिशवीवर साइटच दोषी निघाली. तर अंदाजपंचे ठोकू नका. हिशोब असा: चूक गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर. या पिस्तुलात साइटमधलं अंतर साधारण 6.3 इंच. 10 यार्ड म्हणजे 360 इंच. 3 इंच चुकीला 6.3 × 3 ÷ 360, म्हणजे 0.05 इंच, सव्वा मिलिमीटरच्या किंचित वर. गोळ्या जिकडे हव्यात तिकडेच मागची साइट सरकवायची, म्हणजे उजवीकडे. पितळी पंच वापरा आणि आधी पेन्सिलीची खूण करून ठेवा. पुढची साइट पिनने बसवलेली असते, तिच्या उंचीशी घरी खेळू नका. थोडं खाली जातंय त्यावर आधी 124 ग्रेनची गोळी मारून पाहा. जड गोळी सहसा जरा वर लागते.

एनआरआय_काका:

तांत्रिक नाही, पण आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी. एच-1बी किंवा दुसऱ्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर रेंजवर भाड्याने हातात घेणंही त्यात येतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. हा धागा वाचून उत्साहात कुणी निघायला नको.

दुसरं, रेंजची बॅग भारतात जाताना वापरायची नाही. कप्प्याच्या शिवणीत एक जिवंत गोळी राहिली आणि मुंबई विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसली, तर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होतो. वर 9 एमएम तिथे प्रोहिबिटेड बोअर (सामान्यांना बंदी असलेलं कॅलिबर).

डॅलसकर:

खोललं. प्रायमरवरचे खड्डे उथळ आहेत. हॅमर स्प्रिंग रंगवलेली दिसते, सोबतच्या डबीत तशीच दुसरी न रंगवलेली, तार जरा जाड. स्लाइड स्टॉपवर तडा नाही. जाड तारेची टाकू?

रीकॉइल_स्प्रिंग:

टाका. रंगवलेली म्हणजे बाहेरून आणलेली हलकी स्प्रिंग, जाड तारेची बहुधा मूळची. डबल ॲक्शनचा ट्रिगर जड होईल, त्याला इलाज नाही. नंतर 50 गोळ्या फक्त डबल ॲक्शनमध्ये मारा. यात डीकॉकर नाही, हॅमर अंगठ्याने उतरवावा लागतो, म्हणून प्रत्येक वेळी नळी टार्गेटकडेच हवी आणि हॅमर उतरला की बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर. एकही 'टिक' झालं नाही तर हलकी स्प्रिंग डबीत ठेवून द्या. पुढेमागे हलकाच ट्रिगर हवासा वाटला तर फेडरल कंपनीच्या मऊ प्रायमरच्या गोळ्यांवर ती चालवून पाहता येईल, पण घरात संरक्षणासाठी ठेवायचं असेल तर तिला हात लावू नका.