मोबाइलने प्रेक्षक नेले नाहीत, तालमी नेल्या

(गोव्यातल्या काही जणांची ही चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

मांडावरचा
शिगमो, म्हणजे आपला होळीचा उत्सव, जवळ आला की गोव्यात एकच रड ऐकू येते: नवी पोरे मोबाइलात गेली, संस्कृती बुडाली. मला हे पटत नाही. मांडावरची, म्हणजे गावचे लोकखेळ होतात त्या जागेवरची, गर्दी आटलेली नाही. पूर्वी न फिरकणारेही आता रोमटामेळाची नाचती मिरवणूक बघायला येतात आणि घोडेमोडणी नाचाचे व्हिडिओ त्याच रात्री दुबई-लंडनला पोचतात. माझे दुखणे वेगळे आहे. जे काम करताना कोणी बघत नसते, त्या कामाला माणूस मिळत नाही.

उत्सवी नाटकच घ्या. देवळातल्या काल्याच्या उत्सवाला, जत्रेला गावच्या मंडळींनी मराठी नाटक करायचे ही आपल्याकडची पिढीजात रीत. महिना-दीड महिना आधी देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेत, तालमी सुरू व्हायच्या. कोणी कुळागरातून, म्हणजे पोफळीच्या बागेतून, यायचा, कोणी दुकान बंद करून. आपल्या संवादांची नक्कल हातात घेऊन आपला प्रवेश येईपर्यंत बसून राहायचे, दुसऱ्याची वाक्ये ऐकायची. चहा वाटणाऱ्या दहा वर्षांच्या पोरालाही आख्खे नाटक तोंडपाठ व्हायचे, आणि पुढे तोच पोरगा नट व्हायचा. ती बसून राहण्याची वेळ मोबाइलने घेतली. आता ज्याचा प्रवेश नसतो तो मान खाली घालून स्क्रीन सरकवत असतो. प्रवेश आला की त्याला हाक मारावी लागते. मग शेवटचे आठ-दहा दिवस धावपळ, बाकी सगळा भार प्रॉम्प्टरवर. फोटो मात्र सुरेख येतात.

दुसरी पाळी, वेर्णा
दादा, तालीम मोबाइलने नेलेली नाही, नोकरीने नेली. मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करतो. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. माझे दोन चुलतभाऊ किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आहेत. पर्यटनाचा हंगाम आणि आपल्या जत्रांचा हंगाम एकच आहे, याचा विचार कोणी केलाय का? डिसेंबरात, नाताळ-नववर्षाच्या आसपास, हॉटेलातल्या पोराला रजा मागायची सोय नाही. आजोबांचे पोट गावच्या शेतावर होते, म्हणून त्यांची रात्र त्यांच्या हातात होती. आमची रात्र कंपनीच्या वेळापत्रकात असते. जागतिकीकरण म्हणतात ते आमच्याकडे असे आले.

मोबाइल नसता तर माझे नाटक केव्हाच सुटले असते. दिग्दर्शक सगळ्यांचे संवाद रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅपवर टाकतो आणि मी कंपनीच्या बसमध्ये ये-जा करताना पाठांतर करतो.

सुंवारी
मांडावरचा दादा, तुमच्या त्या अग्रशाळेत मुली कुठे होत्या? आधी पुरुषच लुगडी नेसून उभे राहिले, नंतर बाहेरून मानधनावर नट्या आणल्या. गावच्या मुलीला विचारायचे कोणाला सुचले नाही. तालमींच्या आठवणी काढताना तुम्हा सर्वांचे डोळे भरून येतात. आमच्याकडे त्या आठवणीच नाहीत.

मी घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याला कातडे चढवलेले वाद्य, शिकले ते व्हिडिओ बघून. घरात घुमट होते, वाजवणारा काका होता, पण मुलीला शिकवायचे म्हणजे काय, असे म्हणून त्याने विषय मिटवला. आज गणेश चवथीला आम्ही बायका घुमट, शामेळ ही वाद्ये आणि कांसाळे, म्हणजे झांजा, घेऊन घरोघरी आरत्या करतो. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य ठरवले, तेव्हा सर्वांना अभिमान वाटला. पण ते वाद्यही होते तसे राहिलेले नाही. त्याला घोरपडीचे कातडे लागायचे. घोरपडीला कायद्याने संरक्षण मिळाले, आता बकऱ्याचे कातडे चढवतात. नाद थोडा बदलला म्हणून आरती थांबली नाही. मग वाजवणारी बदलली तर काय बिघडले?

निवृत्त मास्तर
मी तुम्हा तिघांच्याही पुढे जाऊन सांगतो, गर्दीचाही आनंद मानू नका. आमच्या सत्तरी तालुक्यात रणमाले या लोकनाट्याच्या जती, म्हणजे गाणी, म्हणतात. त्यांची गोडी सावकाश चढते, एकसारख्या चालीने तासभर गेल्याशिवाय ती कळत नाही. कॅमेऱ्याला अर्धा मिनिट पुरतो. गेली काही वर्षे बाहेरून आलेली मंडळी मध्येच शिरून “तेवढे परत करा ना” म्हणतात, आणि आमची पोरे करतात! नमन झाल्याशिवाय ज्या मांडावर पाऊल टाकायचे नाही, तिथे हे चालते. शहरांतल्या शिगमो मिरवणुकांत बक्षिसांसाठी रोमटामेळ आधीच परीक्षकांकडे तोंड करून नाचायला लागला होता. मोबाइलने ती सवय गावात आणली.

फोंडा-केरी
मास्तर, यंत्राला एवढे भिऊ नका. केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयजर यानांवरच्या सुवर्ण तबकडीत गेली. गोव्याच्या एका खेड्यातला स्वर सूर्याच्या ग्रहांपलीकडे पोचला तो ध्वनिमुद्रणामुळेच. तीन-साडेतीन मिनिटांचेच ते ध्वनिमुद्रण, म्हणून कोणी गाणे बाटले म्हटले नाही.

मांडावरचा
केसरबाईंचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्यांनी गुरू अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षे तालीम घेतली. त्या वर्षांची तबकडी निघाली नाही, निघणारही नाही. यंत्राने तयार गाणे दूर नेले, गाणे तयार केले नाही.

सुंवारी बाय, मुलींचे तू म्हणतेस ते खरे आहे आणि ते आम्हाला लागलेच पाहिजे. पण तुलाही विचारतो, बोल व्हिडिओने कळले, हात कशाने बसला?

सुंवारी
पाच जणी रोज रात्री एकत्र बसलो तेव्हा. ते मी नाकारत नाही. पण व्हिडिओ नसता तर त्या पाच जणी एकत्र आल्याच नसत्या. तुमच्यासाठी दार आधीच उघडे होते, म्हणून तुम्हाला ते दिसत नाही.

डोंगरावरचे नेटवर्क
२०२० मध्ये ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा सत्तरी-सांग्यातली आम्ही मुले नेटवर्कसाठी डोंगर चढत होतो. इंटरनेटने बिघडलो असे आम्हाला सांगायला येऊ नका, ते मिळवायलाच आमची वर्षे गेली.

मास्तर, चवथीला गणपतीवर रानातली फळे-फुले टांगतात त्या माटोळीचेही बोला जरा. कांगलां, घागऱ्यो, माट्टीची फळे कुठल्या रानात मिळतात हे आमच्या आजीला ठाऊक. आता बहुतेक घरे चवथीच्या आदल्या दिवशी बाजारातून जुडी आणतात, त्यात मोबाइलचा संबंध नाही. मी आजीबरोबर रानात जाऊन एकेका झाडाचा फोटो काढतो, तिच्या तोंडून नाव रेकॉर्ड करतो. ती आता फार चालू शकत नाही.

निवृत्त मास्तर
बाळा, हे काम सोडू नकोस. पण पुढच्या वेळी फोनबरोबर धाकट्या भावालाही ने.

मांडावरचा
मग निदान एवढे करूया. तालीम रोज नको, आठवड्यातून दोनदाच ठेवू, पण त्या वेळेत मोबाइल बाहेरच्या कट्ट्यावर. गावच्या मुलींना आधी विचारायचे, बाहेरची नटी नंतर. रविवार धरला तर सर्वांना जमेल.

दुसरी पाळी, वेर्णा
मुलींचे आणि मोबाइलचे मान्य. रविवारचे नाही. हॉटेलातल्या पोराला रविवार नसतो, तो त्याचा सर्वांत गर्दीचा दिवस. सोमवार-मंगळवार धरा, रात्री साडेनऊनंतर. आणि ज्याला त्या आठवड्यात रात्रपाळी असेल, त्याच्यासाठी रेकॉर्डिंग चालू ठेवा. त्याला नाटकातून काढू नका.