कुत्र्याच्या अंगाला येणारा उग्र वास आणि त्याने अंग चाटणे सोडले आहे, याबद्दल सल्ला हवा आहे

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

नमस्कार. आमच्याकडे साडेसात वर्षांचा लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा आहे. त्याचे नाव शेरा. गेल्या तीन-चार महिन्यांपासून त्याच्या अंगाला असा उग्र वास येऊ लागला आहे की, तो पडवीत झोपला असला तरी वास माजघरापर्यंत जाणवतो. भिजलेल्या कुत्र्याचा कुबट वास आम्हाला नवा नाही, कोकणातल्या पावसाळ्यात तो येतोच. परंतु हा वास वेगळा आहे. तो खवट तेलासारखा आणि काहीसा आंबूस असून आंघोळ घातल्यानंतर दुसऱ्याच दिवशी परत येतो.

पूर्वी आम्ही महिन्यातून एकदा आंघोळ घालत होतो. वास वाढल्यावर आठवड्यातून तीनदा घालू लागलो, त्यासाठी घरात आम्ही वापरतो तोच शांपू वापरला आणि दोन वेळा बादलीत झाकणभर जंतुनाशक द्रवही टाकला. उपयोग झाला नाही. उलट गळ्याखालचे केस विरळ झाले आणि तिथली कातडी काळसर व जाड लागू लागली.

दुसरी गोष्ट अशी की, जेवण झाल्यावर पायरीवर बसून पुढचे पंजे चाटायचे आणि चिखलातून आल्यावर पोट व मांड्या चाटून साफ करायच्या, ही शेराची लहानपणापासूनची सवय होती. आता तो यातले काहीच करीत नाही. मागच्या अंगाला लागलेली घाणही तशीच राहते. त्याचे वजन ४१ किलो आहे. भूक चांगली आहे. फिरायला जाण्याचा उत्साह मात्र कमी झाला आहे, आणि ते वयामुळे असेल असे आम्ही धरून चाललो होतो.

माझे वडील ८० वर्षांचे आहेत. शेरावर त्यांचा फार जीव आहे, पण वासामुळे त्यांना त्याला जवळ बसवून घेता येत नाही, आणि त्यांनी हाक मारणे कमी केल्यापासून तोही कोपऱ्यात पडून असतो. त्याला परसात बांधून ठेवावे असे काहींनी सुचवले. ते आम्हाला मान्य नाही. काय करावे, कृपया सांगावे.

दोन_पॉमेरेनियन (ठाणे)

वास अंगाला येतो असे आपण म्हणता, पण तो अंगाच्या नेमक्या कोणत्या भागातून येतो हे आधी शोधावे, असे मी अनुभवावरून सुचवेन. कुत्रा कोरडा असताना त्याचे तोंड, दोन्ही कान, काखा, पंजांच्या बोटांमधली जागा आणि शेपटीखालचा भाग, असे एकेका ठिकाणी नाक जवळ नेऊन पाहावे. आमच्या थोरल्या कुत्रीला महिनाभर निरनिराळ्या शांपूंनी आंघोळ घातल्यावर कळले की, तिच्या गुदग्रंथी तुंबल्या होत्या. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळाच्या तबकडीवर चार आणि आठ वाजतात त्या जागी, या दोन लहान पिशव्या असतात आणि त्यांतील स्रावाला मासळीच्या पाण्यासारखा वास येतो. कुत्रा जमिनीवर बूड घासत पुढे सरकत असेल, तर हे कारण डोळ्यांपुढे ठेवावे. त्या पिशव्या स्वतः दाबून रिकाम्या करण्याचा प्रयत्न मात्र करू नये. डॉक्टर ते कसे करतात हे नीट पाहून घेतल्याशिवाय केल्यास इजा होऊ शकते.

आंबराई (संगमेश्वर)

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कुत्री आहेत. कडुलिंबाचा पाला उकळून, ते पाणी कोमट झाल्यावर त्याने अंग धुवावे आणि नंतर कातडीला खोबरेल तेल चोळावे. औषधी शांपूंच्या मागे लागण्याआधी हा उपाय करून पाहावा. आमच्या गावठी कुत्र्यांना याचा गुण आलेला आहे.

पशुवैद्य_सातारा

मी गेली एकोणीस वर्षे कुत्र्या-मांजरांवर उपचार करीत आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, हे आधी नमूद करतो; तरीही आपण इतके बारकाईने लिहिले आहे की काही गोष्टी सांगता येतील.

शेराने अंग चाटणे सोडले, ही बाब आपण दुसऱ्या क्रमांकावर लिहिली आहे. माझ्या मते ती पहिली आहे. कुत्र्याकडून मांजरासारख्या स्वच्छतेची अपेक्षा कोणी करू नये. मांजराच्या जिभेवर बारीक काटे असतात, त्यामुळे ते स्वतःचे केस जिभेनेच विंचरू शकते. कुत्र्याची जीभ मऊ असते आणि त्याचे अंग विंचरणे व धुणे हे आपलेच काम आहे. परंतु जो कुत्रा सात वर्षे आपले पंजे आणि मांड्या चाटत होता, त्याने ते एकाएकी सोडले असेल, तर तो आळशी झाला असे न मानता त्याला तिथवर मान वळवताना दुखत असावे असे मानून चालावे. या जातीत कमरेच्या आणि कोपराच्या सांध्यांचे विकार पुष्कळ आढळतात. नराचे वजन साधारण २९ ते ३६ किलो असणे अपेक्षित असते. ४१ किलोंचा भार त्या सांध्यांवर रोज पडतो, शिवाय पोटाच्या घेरामुळेही तोंड मागे पोहोचत नाही. फिरण्याचा उत्साह कमी होणे हे याच्याशी जुळते. भूक चांगली आहे यावरून मात्र निश्चिंत होऊ नये. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की, सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, आणि असे कुत्रे सतत अन्नाच्या शोधात राहतात. दुखणे असूनही ताट चाटूनपुसून साफ करणारे लॅब्रॅडॉर मी नेहमी पाहतो.

आता वासाविषयी. खवट, आंबूस वास, ओशट केस, गळ्याखाली काळी पडून जाड झालेली कातडी, हे वर्णन मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टच्या, म्हणजे एका सूक्ष्म बुरशीच्या, संसर्गाशी जुळते. हे यीस्ट निरोगी कुत्र्याच्या कातडीवरही थोड्या प्रमाणात असते. दमट हवा, कातडीचा ओशटपणा आणि घड्यांमधली ओल मिळाली की ते बेसुमार वाढते. निदान सोपे आहे: चिकटपट्टी किंवा काचपट्टी कातडीवर दाबून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की शेंगदाण्याच्या शेंगेसारख्या, मधे आवळलेल्या पेशी दिसतात. ही तपासणी झाल्याशिवाय औषध सुरू करू नये, कारण जिवाणूंचा संसर्ग किंवा खरजेचे किडेही असेच चित्र निर्माण करतात. संसर्ग यीस्टचाच निघाला, तर २ टक्के क्लोरहेक्सिडीन आणि २ टक्के मायकोनॅझोल असलेला शांपू आठवड्यातून दोनदा, साधारण तीन आठवडे वापरतात. फेस अंगावर पूर्ण १० मिनिटे राहू देणे आवश्यक आहे. बहुतेक घरांत दोन मिनिटांत पाणी ओतले जाते आणि मग औषध लागू पडत नाही अशी तक्रार येते. म्हणून घड्याळ समोर ठेवावे.

आपण वापरलेला शांपू आणि जंतुनाशक द्रव दोन्ही आजच बंद करावेत. कुत्र्याची कातडी आपल्या कातडीपेक्षा पातळ आणि कमी आम्लयुक्त असते. माणसांच्या शांपूने तिचा संरक्षक थर धुऊन जातो आणि मग तीच कातडी संसर्गाला अधिक बळी पडते. जंतुनाशक द्रवाने ती भाजल्यासारखी होऊ शकते, आणि केसांवर राहिलेला अंश चाटण्यातून पोटात जातो.

आंबराई यांनी सुचवलेल्या उपायामागची आस्था मी जाणतो. कडुलिंबाच्या कोमट पाण्याने सहसा अपाय होत नाही. परंतु तेल येथे वर्ज्य आहे. हे यीस्ट स्निग्ध पदार्थांवर पोसले जाते. तोकड्या केसांच्या, दिवसभर उन्हातान्हात हिंडणाऱ्या गावठी कुत्र्याच्या अंगावर जे तेल निभावून जाते, तेच लॅब्रॅडॉरच्या दुहेरी, दाट केसांत ओल धरून ठेवते.

कान अवश्य तपासून घ्यावेत. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि नंतर काटकोनात आत वळते. लोंबत्या कानांच्या जातींत तिथे हवा खेळत नाही. कापसाच्या काडीने मळ आणखी आत ढकलला जातो, म्हणून ती वापरू नये. यीस्ट पुन्हापुन्हा उलटत असेल, तर त्यामागे ॲलर्जी किंवा थायरॉइडची कमतरता असते का, हे पाहावे लागते. वजनवाढ, सुस्ती आणि विरळ केस एकत्र दिसत असल्याने शेराची थायरॉइडची रक्ततपासणी करण्यास मी सांगेन. स्थानिक डॉक्टरांकडे सोय नसेल, तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करावी.

आणि एक कळकळीची विनंती: सांधे दुखत असावेत असे मी लिहिले, म्हणून घरातली वेदनाशामक गोळी त्याला देऊ नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्यांच्या जठराला जखमा होतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात.

फणी_आणि_पंचा (पुणे)

मी कुत्र्यांना आंघोळ घालण्याचा आणि त्यांचे केस विंचरण्याचा व्यवसाय करते. डॉक्टरांनी औषधाचे सांगितलेच आहे. मला कोरडे करण्याविषयी सांगावेसे वाटते, कारण माझ्याकडे येणारी निम्मी दुर्गंधी अर्धवट वाळलेल्या केसांची असते. लॅब्रॅडॉरचे वरचे केस तेलकट असल्यामुळे पाणी ओघळून जाते आणि कुत्रा कोरडा दिसतो, पण आतली मऊ लव कातडीलगत कित्येक तास ओली राहते. आंघोळीच्या आधी कोरड्या अंगावरून ब्रश फिरवून गळालेली लव काढून टाकावी. ती तशीच राहिली तर भिजल्यावर तिचा गोळा होतो. आंघोळीनंतर दोन जाड पंचे घ्यावेत, केस उलट दिशेने सारून टिपावे आणि मग गार हवेवर ठेवलेला ड्रायर हाताच्या अंतरावरून फिरवावा. काखा, जांघा आणि बोटांच्या फटी शेवटी पुन्हा एकदा हाताने चाचपून पाहाव्यात. उन्हाळ्यात किंवा वासासाठी म्हणून त्याचे केस सरसकट भादरू नयेत. दुहेरी केस पुन्हा नीट उगवतीलच याची खात्री नसते.

त्याचे अंथरूण कशाचे आहे? गोणपाट किंवा जाड गादी असेल, तर पावसाळा संपेपर्यंत ती काढून टाकावी. जुन्या सुती साड्यांच्या दोन पातळ गोधड्या करून घ्याव्यात, म्हणजे एक धुऊन वाळेपर्यंत दुसरी वापरता येते. त्या दर आठवड्याला गरम पाण्यात धुवाव्यात.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे.

गळ्याखालच्या आणि काखेतल्या नमुन्यांत यीस्ट भरपूर निघाले. उजव्या कानातही तेच होते. थायरॉइडचा अहवाल सामान्य आला. क्ष-किरण तपासणीत कमरेच्या दोन्ही सांध्यांची झीज दिसली. डॉक्टरांनी मागचे पाय हळूच ताणले तेव्हा शेरा कण्हला, आणि इतके महिने आम्ही त्याला घाणेरडा, आळशी म्हणत होतो याचे मला फार वाईट वाटले. त्याला कुत्र्यांसाठीचे वेदनाशामक औषध सुरू केले आहे. भाताचे प्रमाण मोजून दिले जाते आणि भाकरीचे उरलेले तुकडे देणे सर्वांनी बंद केले आहे. वजन ३९.५ किलो झाले.

घड्याळ लावून सहा आंघोळी झाल्या. खवट वास जवळजवळ गेला आहे. कान कोरडा आहे. परवा त्याने पायरीवर बसून डावा पंजा चाटला, तेव्हा वडिलांनी मला आतून हाक मारून बोलावले. अंग पुसण्याचे काम आता तेच करतात. खुर्चीत बसून पंचाने बोटांच्या फटी टिपतात आणि तोही पंजा पुढे करतो.

एक शंका राहिली आहे. पंजांना अजून मक्याच्या लाह्यांसारखा हलका वास येतो. त्यासाठी शांपू चालू ठेवावा का?

पशुवैद्य_सातारा

वाचून आनंद झाला. बोटांमध्ये लाली, ओल किंवा खाज नसेल, तर पंजांचा तेवढा हलका वास तिथल्या नेहमीच्या जिवाणूंचा असतो आणि त्यावर उपचार लागत नाही. आता औषधी शांपू पावसाळा संपेपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा वापरावा. कातडीचा नमुना महिन्याभराने पुन्हा तपासून घ्यावा आणि वजन दर दोन आठवड्यांनी लिहून ठेवावे.