आभाळात दिवे दिसले म्हणणारा प्रत्येक खेडूत पिऊन नसतो

सिंदेवाहीची लेक

आमच्या पट्ट्यातल्या काही लोकांनी आभाळात रांगेने जाणारे दिवे पाहिले, त्याची बातमी ‘उडत्या तबकड्या’ अशा मथळ्याने आली. त्यावर परवा इथल्याच एका सभासदाने लिहिलं की विदर्भाच्या जंगलात तबकड्या दिसण्याची कारणं दोनच, एक शुक्र आणि दुसरं मोहाची दारू. खाली पन्नास जण हसून गेले. मथळा बातमीदाराचा आणि बोलणी गावाला. मला ते सहन झालं नाही, म्हणून हा धागा.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. मी माहेरी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीत होते. पावणेआठच्या सुमारास उभं आभाळ पेटल्यासारखं झालं. लाल-पिवळे लोळ, मागे लांब शेपट्या, एकामागे एक. त्याच संध्याकाळी आमच्या तालुक्यातल्या लाडबोरीत माणसाच्या उंचीहून मोठं धातूचं कडं पडलं. पुढच्या दिवसांत आजूबाजूच्या गावांत गोळे सापडले. कुणाला लागलं नाही, हे नशीब. लोकांनी त्या कड्याला हळद-कुंकू वाहिलं नाही, पोलिसांना कळवलं, आणि ते ठाण्यात जाऊन पडलं. मग इस्रोची माणसं येऊन बघून गेली.

आता शहाण्यांचं बघा. त्या रात्री वाहिन्यांवर उल्कावर्षाव चालू होता. कुणी न्यूझीलंडहून त्याच दिवशी उडालेल्या रॉकेटचं नाव घेतलं. तर अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी हिशेब मांडला की हा चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला टप्पा असावा, तो पृथ्वीवर परतताना जळाला. म्हणजे जाणकारांकडूनही दोन-तीन उत्तरं आली, आणि त्यात काही चूक नाही. पण माझे काका पहिल्या दिवसापासून एकच सांगत होते: ‘तारा तुटला नाही. तारा असा रेंगाळत जात नाही, त्याचे इतके तुकडे होत नाहीत.’ काकांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उल्का बाद करायला तेवढं पुरे होतं.

माझं म्हणणं एवढंच. आधी किती वाजता, कुठल्या दिशेला, किती वेळ, आवाज आला का, हे विचारा. हसायचं असेल तर नंतर हसा.

विवेकी नागपूरकर

ती पोस्ट माझी, म्हणून उत्तर देतो. लाडबोरीचं उदाहरण तुम्ही काढणार हे माहीत होतं. तिथे वस्तू हातात आली. हातात काही न येणाऱ्या बातम्यांचं काय?

२०१२-१३ मध्ये लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांनी आभाळात फिरणाऱ्या दिव्यांच्या शेकडो नोंदी केल्या. चीनचे ड्रोन असतील असा संशय होता. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या लोकांनी सांगितलं की ते गुरू आणि शुक्र आहेत. डोळ्यांत तेल घालून पहारा करणाऱ्यांचं हे होतं, तर अंधारात एकट्या बसलेल्या माणसाचं काय? काळ्या आभाळात एकच ठिपका बघत राहिलं की तो हलतोय असं वाटतंच, हा डोळ्यांचा गुण आहे.

आणि मला हे हसण्यावारी नेणं का भाग पडतं, तेही ऐका. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात ‘रात्रीचे ड्रोन’ सुरू झाले आणि गावंच्या गावं काठ्या घेऊन जागली. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणाऱ्यांच्या अफवेवरून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. अफवेला सुरुवातीलाच कुणी हसलं असतं तर? माझं आजोळ गोंदियाकडचं. चकव्याच्या भीतीने आम्हा पोरांना दिवेलागणीनंतर अंगणाबाहेर पाऊल टाकू देत नसत. ही भीती मी अंगावर काढली आहे.

सिंदेवाहीची लेक

राईनपाड्याशी याची सांगड घालू नका. तिथे कुणी काही पाहिलंच नव्हतं. मोबाईलवर आलेलं खरं धरलं होतं. इथे माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय.

आणि लडाखचं उदाहरण तर माझ्या बाजूचं आहे. जवानांनी वेळ लिहिली, दिशा लिहिली, म्हणून शास्त्रज्ञांना गुरू-शुक्र ओळखता आले. त्यांना कुणी पिऊन आलात का असं विचारलं नाही. वर्दीवाल्याची ती नोंद आणि धोतरवाल्याची बडबड, असं का?

धुऱ्यावरून

ताई, ते दिवे पाहणाऱ्यात मी एक होतो. म्हणून सांगतो.

धानाच्या बांधीत लाखोळीचं पीक आहे, तिले डुकरं ठेवत नाही. मी डबा घेऊन जागलीले चाललो होतो. दिवेलागण होऊन थोडा वेळ झाला होता, उजेड पुरा गेला नव्हता. मावळतीकडून दिवे निघाले. एका ओळीत, सारख्या अंतरावर, मोजता येत नव्हते इतके. आवाज नाही. लुकलुक नाही. विमान रोज नागपूरकडं जाताना दिसते, ते मले समजते. डोक्यावरून उगवतीकडं गेले आणि तिथं एका जागी आले की एकेक विझत गेले. पहिला विझला तिथंच दुसरा, तिथंच तिसरा. जसं कोणी तिथं बसून फुंकर घालून रायलं.

मी पीत नाही. माळकरी आहो. आणि शुक्राची चांदणी मले कोणी शिकवाची गरज नाही जी.

दुर्बीणवाला, अमरावती

भाऊ, तुम्ही सगळं सांगून टाकलंत. हे स्टारलिंकचे, म्हणजे इंटरनेटसाठी सोडलेले उपग्रह.

२४ मे २०१९ ला पहिले साठ एकदम सोडले, तेव्हापासून हा प्रकार जगभर चालू आहे. नवीन सोडलेले उपग्रह सुरुवातीचे काही दिवस एकामागे एक ओळीने जातात, मग वर चढत पांगतात. त्यांना स्वतःचा दिवा नाही. आपल्याकडे सूर्य मावळलेला असला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं, ते ऊन त्यांच्यावरून परावर्तित होऊन आपल्याला दिसतं. उगवतीकडे जाता जाता ते पृथ्वीच्या सावलीत शिरतात आणि दिसेनासे होतात. सावलीची कड सगळ्यांसाठी जवळपास एकच, म्हणून सगळे एकाच ठिकाणी विझले. विझण्याची जागा तुम्ही हेरलीत, त्यावरूनच हे पक्कं झालं. आमच्याकडे फोन करणारे शिकलेले लोक नुसतं ‘काहीतरी चमकलं’ म्हणतात.

नागपूरकर, शुक्र रांगेने जात नाही, डोक्यावर येऊन विझतही नाही. तो संध्याकाळी पश्चिमेलाच असतो आणि फार तर तीनेक तासांत मावळतो. खाली, क्षितिजाजवळ असताना हवेमुळे लाल-हिरवा लुकलुकतो, तेव्हा लोक फसतात, हे मान्य. पण ही हकीकत त्यात बसत नाही.

विवेकी नागपूरकर

ठीक, स्टारलिंक. म्हणजे परग्रहवासी नव्हतेच. मग मी चुकीचं काय बोललो? आणि रात्री-बेरात्री वावरात एकटं बसायचं, डोळ्यांवर झोप, मनात भीती, त्यात दहा गोष्टी दिसणारच. रात्रीचं घरी राहावं माणसाने.

रात्रपाळीचा शेतकरी

घरी राहावं? साहेब, लाईन कधी येते ठाऊक आहे का तुम्हाला? आमची थ्री फेजची पाळी रात्रीची असली की रात्री साडेबारानंतर मोटर सुरू होते आणि उजाडायच्या आत बंद. उन्हाळी धानाला पाणी तेव्हाच द्यायचं. ऑटो स्विच टाकला तर पाट फुटतो, पाणी दुसऱ्याच्या बांधीत जातं, सकाळी भांडण. माणूस लागतोच. एका हातात फावडं, दुसऱ्यात बॅटरी. तुम्ही नागपुरात पंख्याखाली झोपता तेव्हा आम्ही चिखलात उभे असतो, म्हणून आम्हाला आभाळ दिसतं.

आणि मागे वाघ. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. माझा चुलतभाऊ पाणी द्यायला गेला होता, सकाळी नुसती चप्पल सापडली. सरकारने भरपाई पंचवीस लाख केली म्हणतात. पोरांना बाप कुठून देणार? दिवसा लाईन द्या, ही मागणी करता करता माझे केस पिकले.

विवेकी नागपूरकर

तुमच्या भावाचं वाईट वाटलं, मनापासून. पण धागा आभाळातल्या दिव्यांचा आहे. आणि आता सोलर पंपाची योजना आहे, तो घ्या, दिवसा पाणी द्या.

रात्रपाळीचा शेतकरी

अर्ज करून बसलोय. शेजाऱ्याला मिळाला, पावसाळ्यात ढग आले की चालत नाही, उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की ओढत नाही. वादळात त्याच्या पाट्या फुटल्या, तक्रार करून किती महिने झाले, कुणी फिरकलं नाही. तुम्ही कागदावर वाचलेलं सांगता. आम्ही बांधीतलं सांगतो.

कापूसवाला, यवतमाळ

भाऊ, वाघ तुमच्याकडे. आमच्याकडे डुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई. एका रात्रीत तूर झोपवतात. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत खुणा मिटतात, मग म्हणतात नुकसान दिसत नाही. आता हे वरून पडणारं नवीनच. ते कडं उद्या माझ्या बैलावर पडलं तर भरपाई कोणाला मागू? तलाठ्यामार्फत चीनला अर्ज करू?

दुर्बीणवाला, अमरावती

रागाने विचारलंत, पण याचं उत्तर आहे. १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. ज्या देशाने वस्तू सोडली, तिने जमिनीवर केलेल्या नुकसानीला तो देश जबाबदार, चूक सिद्ध करायची गरज नाही. १९७८ मध्ये सोव्हिएतांचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या ओसाड भागात कोसळला. कॅनडाने दावा लावला आणि १९८१ मध्ये सोव्हिएतांनी तीस लाख कॅनेडियन डॉलर दिले. फक्त दावा सरकारने सरकारकडे करायचा असतो, शेतकऱ्याला थेट करता येत नाही.

कापूसवाला, यवतमाळ

म्हणजे पुन्हा आपल्याच सरकारच्या दारात. डुकराच्या भरपाईला ते इतका वेळ लावतात, तर रॉकेटच्या भरपाईला माझा नातूच उरेल.

रात्रपाळीचा शेतकरी

बरोबर बोललात. आणि आमच्या फीडरवर

सिंदेवाहीची लेक

दादा, थांबा जरा. तुमचं दुःख खरं आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिली येईन. पण दोन्ही गोष्टी जोडलेल्या आहेत, हे नागपूरकरांनी बघावं. रात्री जागणारा माणूस आभाळ रोज बघतो. नवीन काही आलं की त्याला कळतं. त्याचं जागणं कुणाच्या खिजगणतीत नाही, तसं त्याचं बघणंही नाही.

आकाशवाचक

सगळं स्टारलिंक, सगळं रॉकेट. फार घाईने दार लावता तुम्ही. २०२० मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने स्वतः तीन व्हिडिओ खुले केले, लढाऊ वैमानिकांचे. नासाने समिती नेमली. त्यांनी तरी सगळं उलगडलं का? आणि आपल्याच बुलढाण्यात लोणारला आभाळातून येऊन पडल्याचा पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा आहे. मी स्वतः देसाईगंजच्या पुढे वैनगंगेच्या काठी तांबडा गोळा पाहिला. पाण्यावर थांबला, मग सरळ वर गेला. माझ्या बायकोनेही पाहिला. आम्ही दोघं खोटं बोलतो का?

दुर्बीणवाला, अमरावती

लोणारला दगड पडला, वाहन नव्हे. नासाच्या समितीचा अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये आला. त्यात परग्रहाचा पुरावा नाही असं लिहिलंय, आणि चांगल्या नोंदीच नाहीत म्हणून बरंच सांगता येत नाही, असंही.

तुमच्या गोळ्याबद्दल, वेळ? महिना? किती मिनिटं? एक शक्यता सांगतो. टीआयएफआर ही मुंबईची संशोधन संस्था हैदराबादहून संशोधनाचे मोठे फुगे सोडते, ते तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात आणि वाऱ्याबरोबर बरेच वाहतात. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं ते तांबूस उजळलेले दिसू शकतात. दुसरी शक्यता ड्रोनची.

आकाशवाचक

महिना आठवत नाही. मिनिटं कोण मोजतं, अंगावर काटा आला होता. फुगा पाण्यावर थांबून सरळ वर जातो का? तुमच्याकडे प्रत्येकाला एक फुगा तयारच असतो.

दुर्बीणवाला, अमरावती

नाही. तुम्ही सांगता तसाच असेल तर तो फुगा नाही. काय होतं ते मी सांगू शकत नाही, आणि तुम्ही खोटं बोलता असंही मी म्हणत नाही. जागलीवाल्या भाऊंनी सांगितलं तेवढं तुमच्याकडे असतं तर बसून शोधलं असतं.

विवेकी नागपूरकर

बघा, हेच होतं. एकाला मान दिला की दुसरा गोळा घेऊन येतो.

धुऱ्यावरून

साहेब, त्याईनं जे पाहिलं ते सांगितलं. तुमच्या घरचं काय गेलं? तुमी मले पिलेला म्हटलं, माझ्या पोरीनं ते मोबाईलवर वाचलं. नागपूरले शिकते ती. मैत्रिणी तिले विचारून रायल्या, तुझा बाप पितो का. त्याचं बोला.

विवेकी नागपूरकर

तुमचं नाव मी कुठेही घेतलं नव्हतं. पण मुलीपर्यंत गेलं असेल तर मोहाचं वाक्य काढून टाकतो. शुक्राचं राहील, कारण दहातल्या आठ बातम्यांत तोच निघतो.

सिंदेवाहीची लेक

‘दहातल्या आठ’ कुणी मोजल्या? आणि काढायचंच तर त्या बातमीखालून शुक्रही काढा. ज्यांनी पाहिले त्यांनी रांग सांगितली, दिशा सांगितली, विझण्याची जागा सांगितली. तुमच्या पोस्टखाली दुर्बीणवाल्या दादांचं उत्तर जसंच्या तसं चिकटवा. हसून गेलेल्या पन्नास जणांनाही ते दिसू दे.

विवेकी नागपूरकर

चिकटवतो. पण मथळा बातमीदाराने बदलावा, ते माझ्या हातात नाही.

रात्रपाळीचा शेतकरी

ताई, वेगळा धागा काढला आहे. नाव ‘दिवसा लाईन’. नागपूरकर, तुम्हीही या.