मोडी येत नसली तरी वह्या बघाच
मोडी ही जुनी मराठी लिपी वाचता येत नसेल तर नाशिकला जाऊन तीर्थोपाध्यांच्या, म्हणजे तिथल्या पुरोहितांच्या, घराण्यांच्या नोंदींच्या वह्या बघण्यात अर्थ नाही, असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. तिथे मूळ गाव सांगितलं की आपली नोंद कुठल्या उपाध्यांकडे असेल ते कळतं. आमच्या उपाध्यांनी परवानगी दिली, म्हणून मी पानाचा फोटो काढला. आधी ओढलेली लांब रेघ, तिच्याखाली अक्षरं, दोन शब्दांत जागाच नाही. तो फोटो मोडी वाचणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकला आणि बेळगावच्या एका काकूंनी रात्री बसून वाचून दिला. पणजोबांच्या आईचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, ते त्यात निघालं! पैशांचं विचारलं तर काकू रागावल्याच.

आता सकाळचा चहा झाला की कुणाचं तरी खरेदीखत नाहीतर जन्म-मृत्यूच्या रजिस्टरचं पान आमच्यात फिरत असतं. काकूंना प्रत्यक्ष कधी भेटले नाही, पण नातू झाल्याचं माहेरच्यांच्या आधी त्यांना कळवलं. एवढं करा, फोटो उजेडात आणि अख्ख्या पानाचा काढा. मोडीत बरीच अक्षरं सारखी दिसतात, वाचणाऱ्याला त्याच हाताची बाकीची अक्षरं ताडून बघावी लागतात.