लॅपटॉपची बॅटरी : जाहिरातीतले तास नेमके कोणाचे?

पाटीखडू

काल येथे एका सदस्याने लिहिले की, लॅपटॉपची बॅटरी जाहिरातीइतकी चालत नाही अशी ओरड करणारे लोक पडद्याचा प्रकाश पूर्ण ठेवतात, ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब उघडतात आणि मग कंपनीला दोष देतात. कंपनीचे आकडे प्रयोगशाळेत मोजलेले असतात, म्हणून ते खोटे असूच शकत नाहीत, असेही त्यांचे म्हणणे होते. त्या लेखनाला दोन ओळींचे उत्तर पुरणार नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

मी मराठवाड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे दुपारी वीज गेली की ती केव्हा परत येईल हे कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे लॅपटॉप घेताना मी वजन, रंग, पडदा यांपैकी कशाकडेही न पाहता केवळ बॅटरीचा आकडा पाहिला. खोक्यावर ‘बारा तासांपर्यंत’ असे ठळक अक्षरांत छापले होते. वर्गात ध्वनिचित्रफिती दाखवणे, शासनाच्या संकेतस्थळांवर माहिती भरणे आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बैठकीला बसणे, एवढ्या कामात तो अगदी नवा असतानाही सहा तासांच्या पुढे गेला नाही. पडद्याचा प्रकाश मी पूर्ण ठेवत नाही आणि ढीगभर टॅबही उघडत नाही.

हा माझ्या एकटीचा अनुभव असता तर मी गप्प बसले असते. ‘विच?’ या ब्रिटनमधील ग्राहक संस्थेने 2017 मध्ये 67 लॅपटॉप तपासले होते. वाय-फायवर इंटरनेट पाहणे आणि चित्रपट लावणे, एवढेच काम बॅटरी संपेपर्यंत करून पाहिले. एचपीच्या पॅव्हिलियन मालिकेतील एका लॅपटॉपसाठी 9 तासांचा दावा होता, तो 4 तास 25 मिनिटे चालला. डेलच्या इन्स्पिरॉन मालिकेतील एकासाठी 7 तासांचा दावा होता, तो 4 तासांच्याही आत थांबला. येथे कोणत्या ग्राहकाने किती टॅब उघडले होते, हे कालच्या सदस्यांनी सांगावे.

वॅटतास

ताई, तुमची अडचण खरी आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही. मी गेली अनेक वर्षे मुंबईत लॅपटॉप दुरुस्त करतो आणि बॅटरीची तक्रार घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक ग्राहक ‘किती तास’ एवढेच विचारतो. आपल्या बॅटरीची क्षमता किती वॅट-तास आहे, म्हणजे तिच्यात किती ऊर्जा मावते, हे त्याला ठाऊक नसते. बॅटरी ठरावीक ऊर्जा साठवते आणि ती किती वेगाने खर्च करायची हे वापरणारा ठरवतो, त्यामुळे कामाचे स्वरूप सांगितल्याशिवाय तासांच्या कोणत्याही आकड्याला अर्थ नाही.

अॅपलने 2020 मध्ये आणलेल्या एम-1 चिपच्या मॅकबुक एअर या लॅपटॉपचेच पाहा. त्याची बॅटरी 49.9 वॅट-तासांची आहे आणि दावा वाय-फायवर इंटरनेट पाहताना 15 तास, तर चित्रपट पाहताना 18 तासांचा होता. भागाकार केला तर चित्रपट पाहताना संपूर्ण यंत्राने सरासरी पावणेतीन वॅटच्या आसपास वीज वापरायला हवी, असे निघते. हे शक्य होते, कारण चित्रपटाची फाइल उलगडून पडद्यावर आणण्याचे काम त्यासाठीच बनवलेला चिपमधील वेगळा भाग करतो आणि मुख्य प्रोसेसर जवळजवळ स्वस्थ असतो. ध्वनिचित्र बैठकीत मात्र कॅमेरा, माइक, वाय-फाय आणि चित्र पाठवण्यासाठीची प्रक्रिया अखंड चालू असते. चाचणीत पडद्याचा प्रकाश खालून आठव्या पायरीवर ठेवला होता आणि 25 लोकप्रिय संकेतस्थळे पाहिली होती, हेही कंपनीने तळटिपेत लिहून ठेवले होते. यात लपवाछपवी कोठे आहे?

शिवाय तुम्ही ज्या तपासणीचा दाखला दिला, त्याच तपासणीत अॅपलचा 13 इंची मॅकबुक प्रो 10 तासांच्या दाव्यापुढे जाऊन 12 तास चालला होता. हा भाग तुम्ही सांगायला हवा होता.

पाटीखडू

तो भाग माझ्याच बाजूचा आहे. एक कंपनी कमी सांगून जास्त देऊ शकते, याचाच अर्थ इतरांना खरा आकडा छापण्यात तांत्रिक अडथळा काहीही नाही. आणि तळटीप कोणासाठी असते? खोक्यावर आकडा बोटाएवढा आणि अटी संकेतस्थळाच्या तळाशी, बारीक इंग्रजीत. आमच्या शाळेतील निम्मे पालक ज्या दुकानातून वस्तू घेतात, तेथे तळटीप दाखवणारा विक्रेता मी पाहिलेला नाही.

गावशीव

प्रयोगशाळा बंद खोलीत असते, हा मुद्दा येथे कोणीच मांडलेला नाही. माझे काम महसूल खात्याचे, म्हणजे अवकाळी पावसानंतर बांधावर उभे राहून पंचनामा करायचा. भर उन्हात पडदा पूर्ण प्रकाशावर नेल्याशिवाय एक अक्षर दिसत नाही. कालच्या सदस्यांनी वैशाखात विदर्भातील एखाद्या शिवारात उभे राहून प्रकाश कमी करून दाखवावा. जोडीला उष्णता. उन्हाळ्यात गाडीत ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी वर्षभरात कशी खचते, हे आमच्या कार्यालयातील प्रत्येकाने अनुभवले आहे. सुरुवातीला दिवसभर पुरणारे यंत्र दुसऱ्या उन्हाळ्यात दुपारच्या जेवणापर्यंतही टिकत नाही, शेतकरी समोर ताटकळत उभा असतो आणि बोलणी आम्ही खातो. जाहिरातीतला आकडा पहिल्या दिवसाचा असतो. तिसऱ्या वर्षाचा आकडा कोण छापणार?

वॅटतास

उष्णतेचा मुद्दा मान्य आहे. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि सतत शंभर टक्के चार्ज राहणे या दोन्ही गोष्टी मारक असतात, आणि काही शे चार्जिंगनंतर तिची क्षमता घटते. परंतु हा रसायनशास्त्राचा नियम आहे, कंपनीचे कारस्थान नव्हे. विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा दिली की बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारीशेजारी दिसतात. अनेक लॅपटॉपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी या दोन्ही गोष्टी कधी उघडून पाहिलेल्या असतात. वाचायचे नाही, शिकायचे नाही आणि मग फसवणूक झाली म्हणायचे, हे बरोबर नाही.

पाटीखडू

ही भाषा मला अजिबात मान्य नाही. वीज नसताना पूर्ण दिवस काढायचा आहे म्हणून मी बॅटरी घेतली, आणि तुम्ही मला ती 80 टक्क्यांवरच थांबवायला सांगता. म्हणजे छापलेले तास हवे असतील तर शंभर टक्के चार्ज करायचे आणि बॅटरी टिकवायची असेल तर ते तास विसरायचे. ही अट खोक्यावरील मोठ्या आकड्याशेजारी का नाही? दुरुस्ती करणाऱ्याला जे ठाऊक असते ते विकत घेणाऱ्यालाही ठाऊक असलेच पाहिजे, असे असेल तर ग्राहक संरक्षणाचा कायदा कशासाठी केला?

कर्वेनगरी

मोटारींचेही हेच आहे आणि तेथे तर सरकारी शिक्का मिळतो. आमच्या पुण्यात वेताळ टेकडीवर वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था आहे. तिच्या प्रमाणपत्रातला मायलेजचा आकडा जाहिरातीत येतो, परंतु चाचणी रोलरवर, ठरलेल्या वेगचक्राने, एसी बंद ठेवून होते आणि त्या चक्रात वेग ताशी 90 किलोमीटरच्या वर जात नाही. माझी गाडी कर्वे रस्त्यावर त्या आकड्याच्या जवळपासही कधी गेली नाही. विक्री केंद्रातील माणसाने तर तो आकडा मला हमी म्हणून सांगितला होता, आणि तक्रार केली तेव्हा ‘तुमची चालवण्याची पद्धत’ हेच उत्तर मिळाले. लॅपटॉपवाल्यांचे उत्तर शब्दशः तेच आहे. सरकारी मोजमाप आले म्हणजे खरा आकडा मिळेल, अशी आशा कोणी बाळगू नये.

वॅटतास

एआरएआयचा आकडा रस्त्यावर मिळेल असा दावा ती संस्था करतच नाही. दोन गाड्यांची तुलना एकाच मापाने व्हावी, एवढाच त्या आकड्याचा उपयोग आहे आणि तो मोठा उपयोग आहे. लॅपटॉपच्या बाबतीत तेवढेही नाही. एक कंपनी मोबाइलमार्क या चाचणीचा आकडा देते, दुसरी साठवलेला चित्रपट लावून मोजते, तिसरी आपलीच पद्धत वापरते. शिवाय एकाच मॉडेलमध्ये कमी वीज खाणारा साधा पडदा आणि अधिक बारीक चित्राचा, जास्त वीज खाणारा फोर-के पडदा असे पर्याय असतात आणि जाहिरातीत बहुधा पहिल्याचेच तास येतात. पुण्याच्या रहदारीचा राग एआरएआयवर काढण्यात अर्थ नाही.

कर्वेनगरी

राग रहदारीचा नाही. तुलनेसाठी काढलेला आकडा विक्रीसाठी वचन म्हणून वापरला जातो, ही माझी तक्रार आहे आणि तुम्ही ती टाळत आहात. विजेच्या मोटारींत निदान एका कंपनीने मार्ग दाखवला. टाटा मोटर्सने 2024 मध्ये कर्व्ह ईव्ही आणताना मोठ्या बॅटरीच्या गाडीसाठी प्रमाणित 585 किलोमीटर सांगितले, आणि त्याच वेळी प्रत्यक्ष वापरात 400 ते 425 किलोमीटर मिळतील असेही ‘सी-75’ या नावाने जाहीर केले. दोन आकड्यांतली दरी कंपनीने स्वतः दाखवली म्हणून गाडी विकली जायची थांबली नाही. लॅपटॉपच्या खोक्यावर असे दोन आकडे छापायला कोणाची हरकत आहे?

वॅटतास

ही कल्पना नवी नाही. 2009 मध्ये एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीने नेमके हेच मांडले होते. त्या वेळच्या मोबाइलमार्क 2007 चाचणीत पडद्याचा प्रकाश 60 निट्स (निट हे पडद्याच्या प्रकाशाचे एकक) आणि वाय-फाय बंद, अशा स्थितीत तास मोजले जात. मोबाइलला जसा बोलण्याचा वेळ आणि स्टँडबायचा वेळ वेगळा सांगतात तसे लॅपटॉपलाही कामाचे आणि विश्रांतीचे तास वेगळे सांगावेत, असा एएमडीचा आग्रह होता. अर्थात इंटेलशी स्पर्धा असल्यामुळे त्यात त्यांचा स्वार्थही होता, हे विसरता येत नाही.

पाटीखडू

स्वार्थ असो वा नसो, 60 निट्सच्या मंद प्रकाशात आणि इंटरनेट तोडून मोजलेले तास लोकांना विकले जात होते, हे तुम्हीच आता सांगितले. कालच्या लेखनातील ‘प्रयोगशाळेत मोजले म्हणून खरे’ या वाक्याला याहून पुरेसे उत्तर मला देता आले नसते.

म्युनिकवासी

युरोपात 20 जून 2025 पासून मोबाइल आणि टॅब्लेटवर ऊर्जालेबल सक्तीचे झाले आहे. त्यावर एका चार्जवर यंत्र किती तास व मिनिटे चालते आणि बॅटरी किती चार्जिंगपर्यंत 80 टक्के क्षमता टिकवते, हे दोन्ही आकडे छापावे लागतात. 800 चार्जिंगनंतरही 80 टक्के क्षमता शिल्लक राहिली पाहिजे, अशी किमान अटही आहे. गावशीव यांनी विचारलेल्या तिसऱ्या वर्षाच्या प्रश्नाचे उत्तर मोबाइलपुरते तरी असे दिले गेले आहे. लॅपटॉप मात्र या नियमांत नाहीत. मी येथे अनुवादाचे काम रेल्वेत बसून करते, आणि फोनच्या खोक्यावर जे वाचायला मिळते ते त्याच दुकानातील लॅपटॉपच्या खोक्यावर का नसावे, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

दावाअर्ज

आपल्याकडे कायदा आहे, तो वापरला जात नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पहिल्या वेळी 10 लाख, पुन्हा तसेच केल्यास 50 लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो. त्याच प्राधिकरणाच्या जून 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत असला पाहिजे, त्याचा टंकही (फॉन्ट) दाव्याचाच असला पाहिजे, आणि मुळात दिशाभूल करणारा दावा खुलासा जोडून दुरुस्त करता येत नाही. तळटिपेत सर्व लिहिले आहे, हा बचाव म्हणूनच वॅटतास यांना वाटतो तितका भक्कम नाही. माझ्या एका अशिलाने मात्र दोन तास कमी मिळाले म्हणून लढायचे सोडून दिले, कारण तारखांना हजर राहण्याचा खर्च लॅपटॉपच्या किमतीच्या जवळ जात होता.

वॅटतास

‘पर्यंत’ हा शब्द असताना न्यायालयात काय टिकेल याबद्दल मला शंका आहे. एक गोष्ट मात्र मान्य करतो. वॅट-तासांचा आकडा खोक्यावर तासांच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत छापायला हवा. आज तो बहुधा बॅटरीवर किंवा तपशिलाच्या तक्त्यात शोधावा लागतो, आणि तो समोर असता तर माझ्या दुकानातले निम्मे वाद झालेच नसते.

पाटीखडू

वॅट-तास छापा, अवश्य छापा, परंतु तासांऐवजी नको. वॅट-तासांचा भागाकार करून मगच लॅपटॉप घ्यावा, अशी अपेक्षा मी आमच्या गावातील कोणाही पालकाकडून करणार नाही. पडदा खिडकीजवळ नीट दिसेल इतका प्रकाश, वाय-फाय चालू आणि बैठक सुरू, अशा स्थितीतील किमान तास मला हवे आहेत. खोक्याचे छायाचित्र आणि बॅटरीचा अहवाल जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवत आहे. क्रमांक 1915 आहे. दावाअर्ज यांनी 2022 च्या तत्त्वांतील नेमके कलम येथे लिहिले, तर ते मी तक्रारीत घालीन.