ऑपरेशनच्या व्रणावर टॅटू केलाय का कोणी? मदत हवी आहे

नमस्कार, मी देवगडची. डावा स्तन काढलाय, केमो-रेडिएशन आटोपलंय. आता कॅन्सर उलटू नये म्हणून रोजची टॅमॉक्सिफेनची गोळी आणि मुंबईला तपासणीच्या फेऱ्या.

व्रण काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत आडवा गेलाय. त्यावर सुरंगीचा वळेसर गोंदवून घ्यायचाय. हुबेहूब स्तनाग्राचा टॅटू करून मिळतो हे माहीत आहे, पण मला फुलंच हवीत. सासूबाई म्हणतात, "ह्यां काय नवीन काढलंस गो?" स्वतःच्या हातावर तुळशीवृंदावन मिरवतात, ते चालतं! आणि रेडिएशनच्या वेळी मशीन जुळवायला छातीवर तिळाएवढे निळे ठिपके गोंदले, ते कुठे माझ्या हौसेचे होते?

काखेतल्या लसीका गाठी (लिम्फ नोड) काढल्यामुळे त्या हाताला सुई नको, बीपीचा पट्टा नको, असं बजावलंय. मग हात सोडून छातीवर चालेल का? रेडिएशनने तिथली कातडी काळपट, पातळ झालीय. एका जागी तर बोट लावलेलं कळतही नाही. तिथे शाई धरेल? ओपीडीत पुढच्या नंबरचा पुकारा चालू असतो, त्यात डॉक्टरांकडे टॅटूचा विषय कसा काढू?

प्रतिसाद :
ताई, विषय काढाच. मी कागदावर लिहून नेला होता. नुसता हात वाचवून भागत नाही, कारण त्या बाजूच्या छातीतला लसीका द्रवही बराचसा त्याच काखेकडे जातो. तिथे जंतुसंसर्ग झाला तर सूज छातीवर, पाठीवरही येऊ शकते. त्यामुळे सर्जन आणि रेडिएशनवाले, दोघांचाही होकार हवा. पांढऱ्या पेशी नॉर्मलला आल्यात ना, तेही बघा.

व्रण लाल, टणक असेल तर थांबा. वर्षभर तरी जाऊ द्या असंच बहुतेक सांगतात. रेडिएशनच्या कातडीत शाई कुठे पसरते, कुठे धरतच नाही. आधी कोपऱ्यात एक पाकळी करून बघा.

जत्रेतल्या मशीनवाल्याकडे अजिबात नको. सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, शाई नव्या कपात ओतली पाहिजे. हिपॅटायटिस बी, सी अस्वच्छ सुईतूनही येऊ शकतात. पावसाळ्यात करू नका, ओल आणि घामाने खपली चिघळते. भरून येईपर्यंत समुद्रात उतरायचं नाही. लाली पसरली किंवा ताप आला तर हळद लावत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पुढच्या स्कॅनआधी टॅटूचं सांगून ठेवा. शाई गाठींत जाऊन बसते आणि उगाच संशय येतो.

धागाकर्ती :
आभार! तुमची आर्टिस्ट बाई होती का? पुरुषासमोर ब्लाउज काढायला जीव धजत नाही.