मदत हवी आहे: अ‍ॅपवरच्या दरापेक्षा कमी दर आम्हीच आमच्या पाहुण्याला देऊ शकत नाही. हे कायद्यात बसतं का?

कुळागरातली

नमस्कार मंडळी. गोव्यात फोंडा तालुक्यात आमचं कुळागर (पोफळी-नारळाची बाग) आहे आणि त्याला लागूनच चार खोल्यांचं होमस्टे. पर्यटन खात्याकडे रीतसर नोंदणी केलेली आहे. खोल्या मी आणि नवरा बघतो, जेवण सासूबाईंच्या हातचं.

आमचे पाहुणे किनाऱ्यावरच्यांपेक्षा वेगळे असतात. मंगेशी, म्हाळसा, नागेशी, रामनाथी, कवळ्याची शांतादुर्गा, सगळी देवळं जवळ. मुंबई, पुणे, बेळगाव, कारवारकडची कुटुंबं कुळदेवाला येतात. देवळाच्या अग्रशाळेत (भक्तांसाठीच्या खोल्यांत) जागा मिळाली नाही, किंवा घरात म्हातारं माणूस असल्यामुळे वेगळी खोली हवी असली, की आमच्याकडे उतरतात. माघातल्या जत्रांना तर बरीचशी तीच ती माणसं असतात. मुलं लहानाची मोठी झालेली आम्ही पाहिली आहेत.

यातली अनेक कुटुंबं पहिल्यांदा एका मोठ्या बुकिंग अ‍ॅपवरून आली. ते मी नाकारत नाही. अ‍ॅपचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण आमचं अर्धं अधिक उत्पन्न आजही तिथूनच येतं. कमिशन आणि "जास्त दिसण्यासाठी"चे पैसे मिळून रुपयामागे वीस पैशांच्या वर जातात. तेही मी मान्य करून चालले आहे. त्यांनी माणूस आणून दिला, त्यांनी पैसे घ्यावेत.

माझा प्रश्न पुढचा आहे. करारात एक कलम आहे: त्यांच्या अ‍ॅपवर जो दर, त्यापेक्षा कमी दर आम्ही दुसऱ्या कुठल्याही माध्यमातून जाहीर करायचा नाही. दुसऱ्या अ‍ॅपवर नाही, आमच्या स्वतःच्या वेबसाइटवरही नाही. गेल्या पावसाळ्यात आम्ही वेबसाइटवर "थेट फोन करणाऱ्यांना सवलत" असं लिहिलं. कमिशन वाचतं, त्यातला निम्मा भाग पाहुण्याला द्यावा असा साधा हिशेब होता. एक्स्ट्रानेटवर (अ‍ॅपच्या मालकांसाठीच्या लॉगिनवर, जिथे आम्ही दर आणि खोल्या भरतो) "दरात तफावत आढळली" असा मेसेज आला. आम्ही दुर्लक्ष केलं. मग आमची लिस्टिंग मागे मागे गेली, इतकी की फोंड्यातलं होमस्टे शोधणाऱ्याला कळंगुटची हॉटेलं आधी दिसू लागली. सवलतीची ओळ काढली, काही आठवड्यांनी लिस्टिंग पुन्हा वर आली. हे त्यामुळेच झालं असं लेखी कुणी सांगितलेलं नाही. विचारलं तर "रँकिंग अनेक घटकांवर अवलंबून असते" एवढंच उत्तर.

शिवाय आमच्या घराचं नाव टाकून इंटरनेटवर शोधलं तर सर्वात वर त्याच अ‍ॅपची जाहिरात येते, आमची वेबसाइट खाली. म्हणजे जो माणूस आम्हालाच शोधत आला, त्याच्यावरही कमिशन.

मला हे जाणून घ्यायचं आहे की मोठ्या कंपनीने असं करणं हा फक्त व्यवहार आहे, की स्पर्धा कायद्याखाली तक्रार होऊ शकते? आमच्यासारख्या चार खोल्यांच्या घराला तक्रार करता येते का, की संघटनाच लागते? आणि तक्रार केली तर लिस्टिंगचं काय होईल, ही भीती मोठी आहे. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

बार्देसकर

ताई, कांदोळीत आमच्या सहा खोल्या आहेत, अगदी हीच गत. वर "मेगा सेल" नावाचा प्रकार. सवलत त्यांच्या नावावर, पैसे आमच्या खिशातून. सहभागी व्हायला नकार दिला की दिसेनासे होतो. धागा वाचतो आहे.

म्हापशाचा_वकील

ताई, सविस्तरच लिहितो, कारण यात लोकांचा एक मोठा गैरसमज असतो. स्पर्धा कायदा, 2002 मध्ये मोठं असणं हा गुन्हा नाही. कलम 4 म्हणतं की वर्चस्वाचा गैरवापर करायचा नाही. त्यामुळे आधी बाजार कोणता ते ठरतं, मग त्या बाजारात कंपनीचं वर्चस्व आहे का, मग तिने अन्यायकारक अट लादली का. वर्चस्वासाठी अमुक टक्के हिस्सा असा आकडा कायद्यात नाही. कलम 19(4) मध्ये घटक दिलेत: बाजारातला हिस्सा, कंपनीचा आकार आणि साधनं, ग्राहकांचं तिच्यावर असलेलं अवलंबित्व, नव्यांना शिरायला असलेले अडथळे वगैरे. वर्चस्व सिद्ध होत नसेल तरी वाट बंद होत नाही. पुरवठ्याच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवरच्या दोघांतले करार कलम 3(4) खाली तपासता येतात, फक्त त्यात स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम दाखवावा लागतो.

तुमच्या कलमाला धंद्यात रेट पॅरिटी म्हणतात, आणि त्यावर भारतात निकाल आहे. हॉटेल आणि रेस्टॉरंटांचा राष्ट्रीय महासंघ 2019 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेला होता. ऑक्टोबर 2022 मध्ये आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223.48 कोटी आणि ओयोला 168.88 कोटी रुपये दंड केला. दर आणि खोल्यांच्या उपलब्धतेबाबतची बंधनं करारातून काढा, असा आदेशही मेकमायट्रिप-गोआयबिबोला दिला. तुमचं अ‍ॅप कोणतं हे मी विचारत नाही, पण युक्तिवादाचा साचा तिथे तयार आहे.

मात्र एक बारकावा नीट वाचा. तो आदेश दुसऱ्या बुकिंग कंपन्यांच्या तुलनेतल्या बंधनांबद्दल आहे. "आमच्यापेक्षा स्वस्तात दुसऱ्या अ‍ॅपला देऊ नका" ही झाली व्यापक अट. "तुमच्या स्वतःच्या वेबसाइटवरही देऊ नका" ही संकुचित अट. तुमच्या करारात दोन्ही दिसतात. पहिलीबद्दल तुमची बाजू भक्कम, दुसरीबद्दल झगडावं लागेल.

ताळगावची_उल्का

मी काही वर्षं अशाच एका कंपनीत काम केलं आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. राग मानू नका.

कंपनी म्हणते: फोटो आम्ही नीट करवून घेतले, परीक्षणं आम्ही जमवली, जाहिरातीवर पैसा आम्ही ओतला. पाहुणा आमच्याकडे सगळं वाचतो, विश्वास बसतो आणि मग तुमच्या वेबसाइटवर जाऊन शंभर-दोनशे कमी देऊन बुकिंग करतो. मग आमचा खर्च कुणी भरायचा? ही अट नसेल तर प्रत्येक हॉटेल अ‍ॅपचा उपयोग फुकटच्या दुकानाच्या काचेसारखा करेल. हा मुद्दा पोकळ नाही. एकदा येऊन गेलेल्या पाहुण्याचा प्रश्न वेगळा, तिथे मी ताईंच्या बाजूने आहे. पण पहिल्यांदा येणाऱ्याच्या बाबतीत?

कुळागरातली

उल्काताई, राग कशाला. तुमचा मुद्दा मी आधीच मनात घोळवला आहे आणि पहिल्या वेळेचं कमिशन मी कधी नाकारलं नाही. पण ही अट पहिल्यांदा येणाऱ्यापुरती नाहीच. ज्या घरातल्या आजींना सासूबाई नावाने ओळखतात, त्यांनाही वेबसाइटवर तोच चढा दर दिसतो. आणि अ‍ॅपचा खर्च भरून निघावा म्हणून मी माझ्या दारातला दर वाढवून ठेवायचा, म्हणजे जो अ‍ॅपवर कधी गेलाच नाही त्यानेही त्यांचं कमिशन भरायचं. उद्या एखादं नवं अ‍ॅप रुपयामागे आठ पैसे घेऊन आलं, तरी मला तिथे स्वस्त देता येणार नाही. मग नव्याकडे पाहुणा जाईल कशाला? माझं नुकसान होतं ते होतंच, पण मोठ्या कंपनीला कमिशन कमी करायचं कारणच उरत नाही. मला यात खरा अन्याय तो वाटतो.

म्हापशाचा_वकील

ताई, शेवटची चार वाक्यं जशीच्या तशी अर्जात घाला. आयोग एका घराच्या नुकसानीकडे बघत नाही, बाजारातल्या स्पर्धेचं काय होतं ते बघतो. तुम्ही नेमकं तेच मांडलंत.

उल्काताईंच्या मुद्द्यावर युरोपात बरीच वर्षं खल झाला आहे. जर्मनीच्या स्पर्धा प्राधिकरणाने 2015 मध्ये बुकिंग डॉट कॉमची संकुचित अटसुद्धा बंद करायला लावली. कंपनीचा युक्तिवाद हाच होता, की लोक फुकट फायदा घेतील. 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने बंदी कायम ठेवली, आणि नोंदवलं की अट लागू नसतानाही जर्मनीत कंपनीची बाजारातली स्थिती आणखी मजबूतच झाली. फ्रान्सने 2015 मध्ये कायदा करूनच अशा अटी रद्द केल्या. सप्टेंबर 2024 मध्ये युरोपीय न्यायालयानेही म्हटलं, की बुकिंग सेवा चालवण्यासाठी अशी अट वस्तुतः अत्यावश्यक आहे असं दिसत नाही. आपला आयोग या निकालांना बांधलेला नाही, पण दाखले म्हणून ते देता येतात.

आता तुमचे बाकीचे प्रश्न. तक्रारीला कायद्यात "माहिती" म्हणतात, कलम 19(1)(अ). कुणीही व्यक्ती ती देऊ शकते. उबर-ओलाच्या दराबाबतच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये हे स्पष्ट केलं आहे, स्वतःचं नुकसान झालेलंच असावं अशी अट नाही. शुल्क असतं आणि अर्जदार कोण त्यावर ते ठरतं. 2023 च्या दुरुस्तीनंतर घटनेपासून तीन वर्षांच्या आत अर्ज द्यावा लागतो, तेव्हा बसून राहू नका. भीतीबद्दल: ओळख गोपनीय ठेवण्याची विनंती करता येते. पण चार खोल्यांच्या घराचे स्क्रीनशॉट जोडले की ओळख लपणं कठीण. म्हणून दहा-बारा घरांनी मिळून, किंवा संघटनेमार्फत जाणं शहाणपणाचं.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. आयोगाला प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तर तो महासंचालकांना (तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला) तपास करायला सांगतो. मेकमायट्रिपच्या प्रकरणात तक्रार ते आदेश तीन वर्षं गेली. आदेशावर अपील राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणात होतं. भरपाई आयोग देत नाही, तिचा वेगळा अर्ज त्याच न्यायाधिकरणात करावा लागतो.

बार्देसकर

आणि घराच्या नावावरची जाहिरात? तेही यात येतं का?

म्हापशाचा_वकील

तो मामला जास्त गुंतागुंतीचा. तिथे दोन कंपन्या आहेत, जाहिरात देणारी आणि शोधयंत्र चालवणारी. घराचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलं असेल तर त्या कायद्याने भांडता येतं, नसेल तर अवघड. शोध निकालांबाबत आयोगाने फेब्रुवारी 2018 मध्ये गूगलला 135.86 कोटींचा दंड केला होता, पण तो स्वतःच्या सेवा ठळक दाखवण्याबद्दल होता. माझं मत, हा मुद्दा या अर्जात मिसळू नका. मूळ अर्ज पातळ होईल.

ताळगावची_उल्का

पुराव्याबद्दल आतली गोष्ट सांगते. रँकिंग पडलं हे नुसतं सांगून भागणार नाही. एक्स्ट्रानेटवर किती जणांनी लिस्टिंग पाहिली याचा अहवाल असतो, तो डाउनलोड करून ठेवा. तफावतीचा मेसेज ज्या तारखेला आला त्याच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही. त्याच काळात तुमची परीक्षणं, फोटो, रद्द झालेली बुकिंगं यांत काही बदललं नव्हतं हेही दाखवावं लागेल, कारण कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवेल. कराराची प्रत पीडीएफमध्ये जतन करा. ऑनलाइन मजकूर अधूनमधून बदलतो आणि जुना पुन्हा दिसत नाही.

कुळागरातली

सर्वांचे मनापासून आभार. उल्काताई, अहवाल आजच उतरवून घेतले. सवलतीची ओळ होती त्या महिन्यांत लिस्टिंग पाहणारे स्पष्ट कमी झालेले दिसतात, आणि परीक्षणांचे गुण तर त्या काळात तसेच होते. वकीलसाहेब, संघटनेमार्फत जायचं ठरवतो आहोत. आमच्या बाजूची काही घरं तयार आहेत, पण सगळी फोंड्यातलीच. बाजार फक्त एका तालुक्याचा नाही हे दाखवायला किनाऱ्यावरची आणि काणकोण-सत्तरीकडची घरंही हवीत.

बार्देसकर, तुम्ही आणि तुमच्या ओळखीचे येणार का? ज्यांच्या करारात दोन्ही अटी आहेत त्यांनी व्यक्तिगत निरोपातून कळवा. अ‍ॅपचं नाव इथे उघड लिहू नका. "मेगा सेल"मध्ये नकार दिल्यावर आलेले मेसेज असतील तर तेही सांभाळून ठेवा. चतुर्थीनंतर सगळ्यांनी एकदा फोंड्यात बसावं असं म्हणते, जेवण आमच्याकडे. वकीलसाहेब, त्या दिवशी तुम्हाला वेळ काढता येईल का?